अंगावरचे दूध आणि बाळाची झोप

कुटुंब-प्रबोधन

वाचनासाठी : स्तोत्र १३१, यशया ४९:१४-१६, १ शमुवेल १:२१-२८



ऑगस्टचा पहिला आठवडा, १ ते ७ तारीख, १९९२ सालापासून जगभर स्तनपान सप्ताह म्हणून पाळला जातो. दवाखान्यांत तक्ते लागतात, आशाताई घरोघर सांगून जातात आणि आठवडा संपला की विषयही संपतो. देवळाच्या पत्रकात तर तो सहसा येतच नाही. ‘फादर, बाळ झोपवण्यातलं तुम्हांला काय कळतं?’ असे कुणी विचारलेच, तर प्रश्न रास्त आहे. रात्री दोन वाजता रडणारे मूल खांद्यावर घेऊन आम्ही कधी फेऱ्या घातलेल्या नाहीत. पण घरभेटीला जातो तेव्हा पाळण्याशेजारी बसलेल्या थकलेल्या आया आम्हांला भेटतात. कुणी म्हणते, ‘फादर, दूधच पुरत नाही.’ कुणी म्हणते, ‘रात्रभर छातीला चिकटून असतो, बाजूला केला की जागा.’ सासूबाई म्हणतात, तूच सवय लावलीस. डॉक्टर एक सांगतात, शेजारीण दुसरे सांगते, आणि मोबाईलवर तिसरेच वाचायला मिळते. या सगळ्यांत त्या मुलीचा स्वतःवरचा विश्वास उडतो. बाळंतपणानंतरचे हे पहिले काही महिने घराच्या विश्वासाची परीक्षा असते. म्हणून आज हा विषय आपण पवित्र शास्त्राच्या आणि आजच्या वैद्यकीय ज्ञानाच्या उजेडात थोडा सविस्तर पाहू.

१. पवित्र शास्त्र या विषयाला लाजत नाही

बायबलमध्ये आईच्या दुधाचे उल्लेख आपल्याला वाटतात त्यापेक्षा पुष्कळ आहेत. इसहाकाचे अंगावरचे दूध तुटले, त्या दिवशी अब्राहामाने मोठी मेजवानी दिली (उत्पत्ती २१:८). मोशेला नदीतून वर काढल्यावर त्याच्या बहिणीने युक्तीने त्याच्या सख्ख्या आईलाच दाई म्हणून आणले. फारोच्या मुलीने तिला वेतन देऊन, तिचेच मूल तिच्याच अंगावर पाजायला दिले (निर्गम २). हन्नाने नवस करून शमुवेल मिळवला होता. नवस फेडायची घाई तिला असणारच. तरीही घरातली सगळी मंडळी शिलोला यात्रेला निघाली तेव्हा ती गेली नाही. बाळाचे दूध तुटेपर्यंत मी घरीच राहीन, असे तिने नवऱ्याला सांगितले, आणि एलकानाने तिला, तुला योग्य वाटेल तसे कर, असे म्हटले. देवाला दिलेला शब्दसुद्धा बाळाच्या दुधासाठी थांबला आणि देवाने त्याचा राग मानला नाही. तान्ह्या बाळामुळे रविवारची मिस्सा चुकली म्हणून मनाला लावून घेणाऱ्या आयांनी हन्नाची ही गोष्ट जरूर वाचावी.

मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकातली ती शूर आई आठवा. छळ सोसणाऱ्या धाकट्या मुलाला धीर देताना, मी तुला नऊ महिने पोटात वाहिले आणि तीन वर्षे दूध पाजले, याची ती त्याला आठवण करून देते (७:२७). त्या काळी मूल किती काळ अंगावर पीत असे, याचा अंदाज यावरून येतो. यशया संदेष्टा तर देवाच्या प्रेमाची तुलनाच पाजत्या आईशी करतो. आई एक वेळ तान्ह्या बाळाला विसरेल, पण देव विसरणार नाही, असे तो सांगतो. हिब्रू भाषेत ‘करुणा’ या अर्थाचा ‘राहामीम’ हा शब्द ‘रेहेम’, म्हणजे गर्भाशय, या शब्दाच्या धातूपासूनच आला आहे. देवाची दया म्हणताना त्या लोकांच्या कानांत आईचे पोट ऐकू येत असे.

ख्रिस्तसभेच्या परंपरेतही हे चित्र जुने आहे. रोममधील प्रिस्किलाच्या भुयारी दफनभूमीत मांडीवर बाळ घेतलेल्या आईचे एक प्राचीन चित्र आहे. पवित्र मरियेच्या सर्वांत जुन्या चित्रांपैकी ते एक मानले जाते. बेथलेहेममध्ये जन्ममंदिराजवळच ‘दुधाची गुहा’ नावाचे प्रार्थनास्थळ आहे. मरिया बाळ येशूला पाजत असता दुधाचा थेंब सांडला आणि तिथला खडक पांढरा झाला, अशी तिथली आख्यायिका आहे. मूल व्हावे म्हणून आणि अंगावर दूध यावे म्हणून स्त्रिया आजही तिथे प्रार्थना करतात. आख्यायिका ही आख्यायिकाच. पण तिच्यामागचे सत्य आपल्या श्रद्धेचा गाभा आहे. देवाचा शब्द खरोखर माणूस झाला, म्हणजे त्याला खरोखर भूक लागली आणि तो आईचे दूध प्याला.

२. दुधाचे काम कसे चालते

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचा सल्ला थोडक्यात असा आहे : जन्मानंतर पहिल्या तासात बाळ अंगावर घ्यावे, पहिले सहा महिने फक्त आईचे दूध द्यावे, पाणीसुद्धा नको, सहा महिन्यांनंतर वरचे अन्न सुरू करून अंगावरचे दूध दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही चालू ठेवावे. आपल्या देशात काय होते? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) ८८.६ टक्के बाळंतपणे दवाखान्यांत झाल्याचे दिसले. पण पहिल्या तासात अंगावर घेतलेली बाळे ४१.८ टक्केच होती. सहा महिन्यांच्या आतल्या बाळांपैकी केवळ आईच्या दुधावर असलेली बाळे होती ६३.७ टक्के. डॉक्टर, नर्स, दवाखाना सगळे जवळ असूनही पहिला तास निसटतो, याचा विचार आपण घरच्यांनीच केला पाहिजे.

पहिले दोन-तीन दिवस जे घट्ट, पिवळसर दूध येते त्याला आपण चीक म्हणतो. काही घरांत तो ‘जड’ किंवा ‘खराब’ समजून पिळून टाकत. प्रत्यक्षात रोगांशी लढणारी द्रव्ये त्यात भरपूर असतात. तो थोडाच येतो, कारण बाळालाही थोडाच लागतो. पहिल्या दिवशी बाळ एका वेळी जेमतेम चहाचा एक-दोन चमचे पिते. तेवढ्यावरून ‘दूध नाही’ असा निकाल देऊन बाटली आणणे म्हणजे बी पेरल्याच्या दुसऱ्या दिवशी वाफा उकरून पाहणे होय.

दूध येण्याचे साधे गणित असे : जितके बाळ ओढते तितके शरीर बनवते. बाळ ओढते तेव्हा आईच्या मेंदूतून दोन संप्रेरके सुटतात. प्रोलॅक्टिन दूध तयार करते आणि ऑक्सिटोसिन ते बाहेर वाहवते. आपल्या भाषेत यालाच पान्हा फुटणे म्हणतात. आई घाबरलेली असेल, तिच्या अंगात वेदना असेल, तिला कुणी टोचून बोलत असेल, तर पान्हा अडतो. म्हणजे ‘तुला दूधच नाही’ हे वाक्य घरात दिवसातून दहा वेळा उच्चारले गेले, तर ते खरे ठरण्याचा धोका असतो. वरचे दूध सुरू केले की बाळ अंगावर कमी ओढते, म्हणून दूध आणखी कमी होते, म्हणून आणखी वरचे लागते. या चक्रात पुष्कळ आया नकळत अडकतात.

दूध पुरते की नाही हे रडण्यावरून ठरवू नये. पहिल्या आठवड्यानंतर बाळ दिवसातून साधारण सहा किंवा अधिक वेळा लघवी करते का आणि त्याचे वजन वाढते आहे का, हे पाहावे. जन्मानंतर वजन थोडे उतरते आणि दोन आठवड्यांत बहुतेक बाळे ते भरून काढतात. पाजताना दुखत असेल तर बाळाने फक्त स्तनाग्र धरले आहे का ते पाहावे. तोंड मोठे उघडून भोवतालचा काळा भागही तोंडात गेला पाहिजे. ही गोष्ट शिकावी लागते. ती जमत नाही म्हणून आई वाईट ठरत नाही. नर्स किंवा अनुभवी बाईला शेजारी बसवून दोन-चार वेळा पाजले की बहुधा जमून जाते.

३. बाळ छातीशीच का झोपते?

पोट भरत आले की बाळाच्या मुठी सैल होतात, डोळे मिटतात, आणि बाजूला ठेवायला जावे तर ते दचकून उठते. ‘लाडावले आहे’ असे आपण म्हणतो. पण लाड समजायला जी बुद्धी लागते, ती दोन महिन्यांच्या बाळात अजून आलेलीच नसते. ओढण्याच्या क्रियेने आणि पोटात गेलेल्या दुधाने बाळाच्या शरीरात गुंगी आणणारी संप्रेरके वाढतात. रात्रीच्या दुधात तर झोपेचे मेलाटोनिनही असते, जे बाळाचे शरीर पहिल्या काही आठवड्यांत स्वतः नीट बनवू शकत नाही. वर आईच्या काळजाचे ठोके, तिचा वास आणि ऊब असते. नऊ महिने बाळाने हेच जग ओळखलेले असते. छातीशी झोप लागणे ही निसर्गाने, म्हणजे निर्मात्याने, घातलेली घडी आहे.

नवजात बाळ चोवीस तासांत साधारण १४ ते १७ तास झोपते, पण तुकड्यातुकड्यांनी. दिवस कोणता आणि रात्र कोणती हे त्याला ठाऊक नसते. हे घड्याळ दोन-तीन महिन्यांनंतर हळूहळू लागते. जवळजवळ निम्मी झोप हलकी असते. त्यात बाळ हसते, कण्हते, हातपाय हलवते. प्रत्येक हालचालीला उचलून घेण्याची गरज नाही. थोडे थांबले तर पुष्कळदा ते पुन्हा झोपते. पोट लहान आणि आईचे दूध पचायला हलके, म्हणून दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजावे लागणे हे अगदी स्वाभाविक आहे. रात्री प्रोलॅक्टिन जास्त असते, त्यामुळे रात्रीचे पाजणे दूध टिकवायलाही मदत करते. पहिल्या तीन-चार महिन्यांत अंगावर झोपवल्याने बाळ ‘बिघडते’ ही भीती मनातून काढून टाकावी.

इथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. पहिल्या काही दिवसांत बाळ फारच झोपाळू असेल, पाजायला उठवूनही उठत नसेल, अंग पिवळे दिसत असेल, तर ‘शांत बाळ आहे’ म्हणून समाधान मानू नये. लगेच डॉक्टरांना दाखवावे. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर तेव्हाही घरी थांबू नये.

४. विकत घेतलेली झोप

बाळाची झोप हा घराच्या सोयीचा प्रश्न झाला की काय होते, याची एक दुःखद आठवण आपल्या मुंबईच्या इतिहासात आहे. १९२० च्या दशकात गिरण्यांत काम करणाऱ्या अनेक आया कामावर जाण्यापूर्वी तान्ह्या मुलांना अफू देत. त्यासाठी ‘बाळगोळी’ नावाच्या गोळ्या बाजारात मिळत. मूल दिवसभर गुंगीत पडून राही, भुकेने रडत नसे. त्या काळच्या सरकारी पाहण्यांत याची नोंद आहे. त्या आया निर्दय होत्या का? मुळीच नाही. बाळ घरी, छाती भरलेली, यंत्रासमोर दहा तास उभे राहायचे आणि मालकाला त्याचे काही नाही, अशा कोंडीत त्या सापडल्या होत्या. मुंबई कायदे मंडळात १९२८ साली प्रसूती-लाभाचे विधेयक आले तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला, आणि १९२९ साली मुंबई प्रांतात तो कायदा झाला. आईला बाळाजवळ राहता यावे यासाठी समाजाने किंमत मोजली पाहिजे, हे तत्त्व तिथे मान्य झाले. पुढे २०१७ सालच्या दुरुस्तीने पहिल्या दोन बाळंतपणांसाठीची पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. २६ आठवडे म्हणजे सहा महिने, म्हणजे केवळ आईच्या दुधावर वाढण्याचा काळ. हा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. घरकाम करणाऱ्या, बाजारात भाजी घेऊन बसणाऱ्या आयांच्या वाट्याला मात्र ही रजा अजून आलेली नाही.

अफू गेली, पण तिची भावंडे घरात आहेत. सर्दीचे औषध ‘झोप चांगली लागते’ म्हणून देणे, ही बाळगोळीच आहे. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय असे औषध तान्ह्या बाळाला कधीही देऊ नये. बाळगुटीत किंवा चाटणात मध घालणारी घरे आहेत; एक वर्षाच्या आत मध देऊ नये, कारण त्यातून बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. आणि गुंगीचा नवा प्रकार म्हणजे मोबाईल. रडले की पडदा समोर धरायचा. मूल गप्प होते, पण त्याला विसावा मिळत नाही. चकाकणारा पडदा झोप आणत नाही, उलट ती लांबवतो.

तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्हांला साध्य आणि साधन यांतला फरक शिकवला जाई. माणूस हा कधीही केवळ साधन नसतो, असे तिथे घोकून घेतले जाई. पाळण्यापाशी त्याचा अर्थ अगदी सोपा होतो : मूल गप्प करणे आणि मूल शांत करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गप्प करण्यात आपली सोय पाहिली जाते, शांत करण्यात मुलाचे हित पाहिले जाते. कोणताही उपाय करताना यांपैकी आपण काय करतो आहोत, एवढे स्वतःला विचारले तरी पुष्कळ.

५. झोपवण्याच्या काही साध्या गोष्टी

पहिले, भुकेची खूण ओळखा. बाळ तोंडाकडे हात नेते, मान वळवून शोधते, ओठ हलवते. रडणे ही भुकेची शेवटची खूण आहे. रडून रडून दमलेले बाळ नीट ओढत नाही, थोडे पिऊन झोपते आणि अर्ध्या तासात पुन्हा उठते.

दुसरे, दिवस आणि रात्र वेगळी करा. दिवसा उजेड, बोलणे, घरातला आवाज चालू द्या. रात्री पाजताना मंद दिवा ठेवा आणि बोलणे नको.

तिसरे, रोजचा एक क्रम ठेवा : अंग पुसणे, सैल सुती कपडे, पाजणे, खांद्यावर घेऊन ढेकर, एखादे भक्तिगीत किंवा अंगाई, मग अंथरूण. क्रम तोच राहिला की बाळाला पुढची गोष्ट कळू लागते. पुनरावृत्तीतून सवय आणि सवयीतून स्वभाव घडतो, असे संत थॉमस अक्विनास सद्‌गुणांविषयी शिकवतात. पाळण्यातही बरेचसे तसेच चालते.

चौथे, चार-सहा महिन्यांनंतर आईला वाटले तर छाती आणि झोप यांच्यात थोडे अंतर आणता येते. पूर्ण झोप लागण्याआधी, डोळे जड झाले असता बाळाला खाली ठेवावे आणि हात त्याच्या अंगावर ठेवून बसावे. रडले तर उचलावे. एका आठवड्यात जमलेच पाहिजे असे नाही. आणि आईला अंगावरच झोपवणे सोयीचे वाटत असेल, तर तेही चालू ठेवायला हरकत नाही. शेजारच्या घरातल्या बाळाशी शर्यत लावू नये.

पाचवे, झोपेची जागा सुरक्षित ठेवा. बाळाला नेहमी पाठीवर झोपवावे. अमेरिकेत १९९४ साली पाठीवर झोपवण्याची मोहीम सुरू झाली आणि पुढच्या वर्षांत झोपेत अचानक होणारे बालमृत्यू जवळजवळ निम्म्याने घटले. अंथरूण सपाट आणि घट्ट असावे. उशी, जाड गोधडी, मऊ खेळणी जवळ नकोत. डोके गोल व्हावे म्हणून ठेवतात ती मोहरीची उशीसुद्धा झोपेत नको. साडीच्या झोळीत बाळाची मान छातीकडे वाकते. झोळी वापरलीच तर जागे राहून नजरेसमोर ठेवावी आणि झोप लागली की सपाट जागी न्यावे. सोफ्यावर किंवा खुर्चीत बाळाला छातीवर घेऊन डुलकी काढणे सर्वांत धोक्याचे. ज्याने दारू घेतली आहे किंवा जो धूम्रपान करतो, त्याने बाळाच्या शेजारी झोपू नये. हे वाक्य कुणी घरात मोठ्याने वाचून दाखवले तरी चालेल.

६. रात्री उठणारा योसेफ

बाळ आईचे दूध पिते म्हणून रात्र फक्त आईची, असा हिशेब काही पुरुषांनी मांडलेला असतो. शुभवर्तमानातला संत योसेफ पाहा. देवाचा संदेश त्याला झोपेत मिळतो, आणि तो काय करतो? उठतो, आणि रात्रीच बाळाला व त्याच्या आईला घेऊन निघतो (मत्तय २:१४). योसेफाचे बोललेले एकही वाक्य शुभवर्तमानात नाही, पण त्याचे रात्री उठणे मात्र नोंदले आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली मनिला येथे कुटुंबांशी बोलताना सांगितले होते की त्यांच्या मेजावर झोपलेल्या योसेफाची मूर्ती असते, आणि काही अडचण आली की ती चिठ्ठीवर लिहून ते मूर्तीखाली ठेवतात.

वडिलांना पाजता येत नाही, पण बाकी सगळे येते. बाळ आईजवळ आणून देणे, ढेकर काढणे, लंगोट बदलणे, खांद्यावर घेऊन फेऱ्या घालणे, आईला पाण्याचा तांब्या आणून देणे, पहाटे दोन तास बाळ सांभाळून तिला सलग झोपू देणे. आजी-आजोबांचेही मोठे काम आहे. अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू प्रेमाने करून घाला, पण सल्ला देताना ‘आमच्या वेळी’ हे शब्द जरा जपून वापरा. तिच्या बाजूने उभी राहणारी सासू मिळाली तर त्या मुलीला अर्धे बळ येते.

आणि एक गोष्ट गांभीर्याने सांगतो. बाळंतपणानंतर काही दिवस रडू येणे, मन हळवे होणे स्वाभाविक आहे. पण दोन आठवड्यांनंतरही आई उदास असेल, बाळ झोपले तरी तिला झोप येत नसेल, ‘मी नसते तर बरे’ असे ती बोलत असेल, तर तो आजार आहे. त्यात तिचा आळस नाही आणि तिची श्रद्धाही कमी पडलेली नाही. अशा वेळी प्रार्थना कराच, पण डॉक्टरांकडेही न्या, आणि त्याच दिवशी न्या.

७. ज्यांना पाजता येत नाही

काही आयांना मनापासून इच्छा असूनही पाजता येत नाही. कुणाला आजार असतो, कुणाला औषधे चालू असतात, कुणाचे बाळ अपुऱ्या दिवसांचे असते, कुणी बाळ दत्तक घेतलेले असते, कुणाला बारा तास घराबाहेर कामावर राहावे लागते. त्यांच्यासमोर ‘आईचे दूध ते आईचे दूध’ अशी भाषणे करू नयेत. डॉक्टरांच्या सल्ल्याने, उकळलेल्या पाण्यात, मापाने बनवलेले वरचे दूध कुशीत घेऊन, डोळ्यांत पाहून पाजले तर तिथेही आईपण पूर्ण असते. कामावर जाणाऱ्या आईने दूध स्वच्छ भांड्यात काढून ठेवले तर आजी ते वाटी-चमच्याने पाजू शकते.

दुसऱ्याच्या बाळाला दूध देण्याची सोयही आज आहे. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने मातृदुग्ध पेढी सुरू झाली. आशिया खंडातली ती पहिली मानली जाते. ज्या आयांना दूध जास्त येते त्या ते देतात. ते तपासून, निर्जंतुक करून, अशक्त व अपुऱ्या दिवसांच्या बाळांना पाजले जाते. रक्तदानाची शिबिरे आपण भरवतो. हे दानही तितकेच पवित्र आहे.

८. देवळात बाळ भुकेले तर

पोप दुसरे जॉन पॉल यांनी मे १९९५ मध्ये परमधर्मपीठाच्या विज्ञान अकादमीच्या सभेत स्तनपानाविषयी बोलताना, आयांना वेळ, माहिती आणि आधार मिळाला पाहिजे असे सांगितले होते. पोप फ्रान्सिस यांनी तर प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणाला, जानेवारी २०१७ मध्ये, सिस्टाईन चॅपेलमध्ये बाळांना बाप्तिस्मा देताना आयांना सांगितले की मुले भुकेली असतील तर संकोच न करता इथेच पाजा, मरियेनेही येशूला पाजलेच होते. जिथे नवे पोप निवडले जातात त्या चॅपेलमध्ये जे चालते ते आपल्या देवळात का चालू नये?

तेव्हा आमची विनंती अशी. मिस्सा चालू असता बाळ रडले तर मागे वळून पाहू नका. आई पदराआड पाजत असेल तर पाजू द्या. जिला आडोसा हवा असेल तिच्यासाठी देवळातली बाजूची खोली यापुढे दर रविवारी उघडी राहील. तिथे खुर्च्या, पंखा आणि मिस्सा ऐकू येईल अशी सोय असेल.

शेवटी पुन्हा स्तोत्र १३१ कडे वळू. आईच्या कुशीत निवांत असलेल्या बाळासारखा माझा जीव शांत आहे, असे तो भक्त देवाला सांगतो. त्यातली एक बारीक गोष्ट सहज नजरेतून सुटते. मूळ हिब्रूत तिथे ‘गामूल’ असा शब्द आहे, म्हणजे दूध तुटलेले मूल. तान्हे बाळ कुशीत येते ते भुकेसाठी. पण दूध तुटलेले मूल कुशीत येते ते आईसाठी. त्याला आता तिच्याकडून काही नको असते, तीच हवी असते. पाजण्याच्या आणि झोपवण्याच्या त्या शेकडो रात्रींतून मूल हे एवढे शिकते : मी हाक मारली की कुणीतरी येते. पुढे मोठे झाल्यावर ‘आमच्या स्वर्गातील बापा’ म्हणताना त्याच्या मनात जो विश्वास असेल, त्याचे पहिले धडे त्याने या रात्रींत गिरवलेले असतात. म्हणून रात्री तीन वाजता बाळाला घेऊन बसलेल्या आईने, आज माझी प्रार्थना राहून गेली, असे मानू नये.

कुटुंब-समूहाच्या सभेत चर्चेसाठी

१. आपल्या घरात शेवटचे बाळंतपण झाले तेव्हा आईला सलग झोप मिळावी म्हणून आपण काय केले?

२. आपल्या वाडीत एकटी पडलेली तान्ह्या बाळाची आई आहे का? या आठवड्यात तिच्यासाठी कोण काय करू शकेल?

३. मुलाला गप्प करणे आणि शांत करणे, यांपैकी आपण बहुतेक वेळा काय करतो?

प्रार्थना

हे प्रभो, तू स्वतः आईच्या कुशीत झोपलास आणि वादळात नावेतही झोपलास. आमच्या घरांतील तान्ह्या बाळांना पोटभर दूध आणि गाढ झोप दे. त्यांच्या आयांना बळ दे, वडिलांना रात्री उठण्याचे मन दे, आजी-आजोबांना गोड शब्द दे. ज्यांची कूस रिकामी आहे त्यांच्याजवळ तू राहा. तू स्वतः झोपत नाहीस, म्हणून आम्ही निर्धास्त झोपतो. आमेन.

– आपले धर्मगुरू